लेबलं सुटलेल्या बाटल्या

"त्याले आता पानी अन् दारू एकच. कायले वाया घालवून राहिली पोरगी?"

मोठे बाबा आईला सांगत होते, स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून, त्यांच्या मते अगदी हळू आवाजात. माझ्या वडिलांच्या या थोरल्या भावाचा हळू आवाज गल्लीच्या टोकापर्यंत जातो. मी मधल्या खोलीत हातात बाटली आणि ओपनर घेऊन उभी होते. बाबा अंगणात खाटेवर उशीला टेकून बसले होते. त्यांनी ते ऐकलंच असणार, कारण लगेच त्यांनी खाटेच्या लाकडावर बोटं वाजवली. म्हणजे, आण लवकर.

"राहू द्या ना भाऊजी," आई म्हणाली. "हौस हाय त्याईची, तं घेऊ द्या."

दारूच्या बाजूने आईला बोलताना मी जन्मात पहिल्यांदा ऐकत होते.

हे मागच्या चैताचं. बाबांच्या डाव्या गालावरची शस्त्रक्रिया होऊन गेली होती. नागपूरला शेक, म्हणजे रेडिएशन, देऊनही झाला होता. चिखल्याच्या खाणीत त्यांनी आयुष्यभर रात्रपाळ्या केल्या, आणि रात्र काढायला गालात खर्रा धरला. सुपारी, तंबाखू, चुना, प्लास्टिकच्या कागदात घोटून घोटून केलेला. त्या गालाने शेवटी आपली किंमत घेतली. शेक संपता संपता जिभेची चव गेली. आधी गोड गेलं, मग आंबट, आणि एक दिवस त्यांनी भाजीत मीठ नाही म्हणून वाटी बाजूला सारली, तेव्हा आईने चाखून पाहिलं. मीठ होतं. तिने चिमूटभर आणखी घातलं आणि वाटी परत त्यांच्यापुढे ठेवली. वासही बोथट झाला होता. डॉक्टर म्हणाले, काहींना चव परत येते, काही महिन्यांनी. बाबांनी मान डोलावली. ते डॉक्टरांना कधी उलट प्रश्न विचारत नसत.

यंदा पुन्हा चैत आलाय. मी आता नागपूरला एका प्रयोगशाळेत दुधाचे, तेलाचे नमुने तपासते. शनिवारी निघून तुमसरला गाडी बदलली की गोबरवाहीच्या पुढे कुठेतरी तो वास खिडकीतून आत येतो. मोहाचा. ओल्या गोणपाटावर गूळ सांडून दोन दिवस तसाच राहिला तर जो वास येईल, तसा काहीसा. गोड म्हणावा तर मागे थोडा कुबटपणा असतो, नको म्हणावं तर नाक पुन्हा तिकडेच वळतं. गाडीतल्या बाहेरच्या माणसांना तो चटकन कळत नाही. आमच्या नाकाडोंगरीकडचे लोक मात्र बोलता बोलता एक क्षण थांबतात आणि मग पुढचं वाक्य बोलतात. परवा माझ्या शेजारी बसलेली बाई म्हणाली, "लागला वाटते पडाले." मी हसले फक्त. मला अनोळखी माणसांशी बोलता येत नाही, आणि खरं तर ओळखीच्यांशीही फारसं येत नाही.

आमच्या शेताच्या बांधावर मोहाची दोन झाडं आहेत. एक तलावाच्या बाजूला, एक जंगलाच्या. तलावाकडचं आधी फुलतं, त्याची फुलं बारीक. जंगलाकडचं उशिरा, पण फुलं भरदार आणि बोटांना चिकटणारी. फुलं पहाटे गळायला लागतात. अंधार फिटता फिटता टोपली घेऊन जावं लागतं, नाहीतर अस्वल आधी येऊन जातं. लहानपणी मोठे बाबा सांगायचे, "अस्वलाले नमस्कार करून वेचाव. आधी त्याचा हक्क, मंग आपला." मी खरंच झाडाखाली गेल्यावर हात जोडायची. बाबा बघायचे आणि हसू लपवायला दुसरीकडे तोंड करायचे.

पण याच दिवसांत माझी वार्षिक परीक्षा असायची, आणि मी तुमसरच्या इंग्रजी शाळेत जायची. वेचलेली फुलं अंगणात वाळत पडलेली, आणि त्यांच्यावरच कपड्यांची तार. सहावीत, गणिताच्या पेपरच्या दिवशी, बाकावर शेजारी बसलेल्या मुलीने नाक उडवून विचारलं, तुझ्या ड्रेसला दारूचा वास का येतो? तिने ते इंग्रजीत विचारलं होतं, म्हणून ते जास्त लागलं. त्या दिवसापासून मी युनिफॉर्म आतल्या खोलीत वाळत घालू लागले. का, ते आईने विचारलं नाही. बाबांनीही नाही. पण पुढच्या वर्षी फुलं अंगणाऐवजी मागच्या पडवीत वाळू लागली, आणि ती तिकडे कोणी नेली हे मला कधी कळलं नाही. आमच्या घरात गोष्टी अशाच होतात, न बोलता.

बाबा सगळ्या गावाशी आपल्या बोलीत बोलायचे. माझ्याशी मात्र "मला", "तुला", पाठ्यपुस्तकातल्यासारखं, एकेक शब्द जपून. पोरीची भाषा बिघडू नये म्हणून. रात्रपाळी संपवून खाणीतून सायकलवर यायचे, मला मागे बसवून बसस्टँडवर सोडायचे आणि उतरताना विचारायचे, "तुझा अभ्यास पूर्ण झाला आहे ना?" मी हो म्हणायची. एवढंच आमचं बोलणं. पुढे मी शिकायला बेल्जियमला गेले, तेव्हाही फोनवर तेवढंच. "तू बरी आहेस ना?" "हो, बरं आहे सगळं."

शिक्षण अन्नतंत्रज्ञानाचं. गावात सांगायला ‘फूडचा कोर्स’. शेवटचे काही महिने प्रत्यक्ष काम शिकायला मला एक बिअरची भट्टी मिळाली. छोटंसं गाव, भोवती बीटाची शेतं, आणि एका विटांच्या घरामागे ती भट्टी. पूर्ण कारभार घरातलाच. मुलगा बिअर करायचा, सून हिशेब बघायची आणि लेबलं लावायची, आणि चव बघायची ती म्हातारी सासू, हिल्डा. गावात हे कोणाला सांगू नये असं आईने बजावलं. बाबांना मी फोनवर सांगितलं. मग ते म्हणाले, "भट्टी तर भट्टी. नीट शीक." नंतर कळलं की त्यांनीच आनंदाच्या भरात मोठ्या बाबांना सांगून टाकलं होतं, आणि मोठ्या बाबांना सांगणं म्हणजे दवंडी देणंच.

तिथली बिअर कडक असायची, आपल्याकडच्या बाटलीतल्या बिअरच्या दुप्पट. बाटलीत भरतानाही तिच्यात जिवंत यीस्ट ठेवायचे. मग बाटल्या उबदार खोलीत ओळीने उभ्या करायच्या, अंडी उबवायला ठेवावीत तशा. ओतताना घाई करायची नाही, ग्लास तिरका धरायचा, आणि तळाशी बसलेला गाळ बाटलीतच राहू द्यायचा. शेवटचा बोटभर भाग कोणी ओतून घ्यायचं नाही. पहिल्यांदा ते पाहिलं तेव्हा मला घरची आठवण आली. आमच्याकडे पिणारा माणूस पहिल्या घोटाआधी बोट बुडवून काही थेंब जमिनीवर शिंपडतो. आधी पितरांना, मग आपल्याला. आमचे लोक वरचं सोडतात, तिथले तळचं. सगळंच्या सगळं मात्र कोणीच पीत नाही.

शनिवारी दुपारी चव बघायला लोक जमायचे. शेजारचा शेतकरी, पोस्टमन, सायकलवरून जाता जाता थांबलेलं एखादं जोडपं. लांब टेबलावर चीजचे तुकडे, मोहरीची चटणी, पोटाशी फुगलेले ग्लास. आधी वास घ्यायचा. कोणी काही बोलायचं नाही. मग घोट. मग प्रत्येकाने काय आठवलं ते सांगायचं. भिंतीवर चवींचा एक गोल तक्ता होता, रंगीत, त्यात सगळे शब्द: मनुका, लवंग, करपलेली साखर, केळं, जुनं लाकूड. मी तो पाठ केला होता. माझी पाळी आली की तक्त्यातले शब्द बरोबर सांगायची. एकदा हिल्डा म्हणाली, "हे भिंतीवरचं झालं. तुझं काय?" मी सॉरी म्हणाले. ती हसली आणि चीजची ताटली माझ्याकडे सरकवली.

निघताना तिने विचारलं, घरी कोणासाठी नेणार? मी बाबांचं सांगितलं. गालाचं, जिभेचं, सगळं. तिने काही सांत्वन केलं नाही. आत गेली आणि चार बाटल्या एप्रनला पुसून टेबलावर ठेवल्या. चारही गडद, पण वेगवेगळ्या. त्यातली एक हिवाळ्यातली, सगळ्यात कडक, तळघरात बरीच वर्षं ठेवलेली. "ही शेवटी उघड," ती म्हणाली. मी ती स्वेटरमध्ये गुंडाळून आणली.

चव गेलेल्या माणसासाठी कोणी दारू आणतं का? मोठ्या बाबांचं म्हणणं खोटं नव्हतं. पण बाबांनीच मागितली होती. मी यायच्या आधी फोनवर ते म्हणाले होते, "तू केलेलं काहीतरी घेऊन ये." आणि बाबांच्या तोंडाला एकेकाळी मान होता. ते फार पिणारे नव्हते. पण चैतात नाल्याकडे कोणी ना कोणी मोहाची गाळायचं, आणि पहिल्या धारेची वाटी आधी बाबांकडे यायची. बाबा जिभेवर थेंब ठेवून थोडा वेळ डोळे मिटायचे. सगळे त्यांच्या तोंडाकडे बघत राहायचे. मग एखादाच शब्द: "उतरली." किंवा, "घाई केली गा."

तर त्या पहिल्या संध्याकाळी मी बाटली घेऊन अंगणात आले. मोठे बाबा तयारच होते, हातात काडेपेटी आणि आईची पळी.

"थांब बाई. पहिले काडी लावू."

मोहाची चांगली असली की पेट घेते, निळी ज्योत. आमच्याकडे दारू पारखायची हीच रीत. मी म्हणाले, ही पेटत नाही मोठे बाबा, ही गाळलेली नसते. पण मी ते इतक्या हळू म्हणाले की त्यांना ऐकू गेलं नसावं. त्यांनी पळीत घोटभर ओतून घेतली, काडी ओढली आणि जवळ नेली. चर्र झालं आणि काडी विझली. दुसरी ओढली. तीही विझली.

"इझली! अवं बाई, तुह्या गोऱ्यायनं दोन वर्सं तुले पानी पाजलं!"

बाबा हसले. हसताना टाक्यांची जागा ओढली जायची म्हणून त्यांनी तळहाताने गाल धरला आणि तसेच हसत राहिले. कित्येक दिवसांनी. आई दारात येऊन बघून गेली.

मग त्यांनी ग्लासात बोट बुडवलं, थेंब जमिनीवर शिंपडले, आणि घोट घेतला. आम्ही सगळे त्यांच्या तोंडाकडे बघत होतो, पूर्वीसारखे. त्यांनी डोळे मिटले. फेस त्या सोललेल्या तोंडाला झोंबला असणार. डोळ्यांच्या कडेने पाणी आलं. गिळायला वेळ लागला.

"काय लागते गा?" मोठ्या बाबांनी विचारलं.

"आग," बाबा म्हणाले. "फकस्त आग."

मोठे बाबा काडेपेटी उघडबंद करत राहिले. बाबांनी ग्लास माझ्याकडे केला. "तू पी," ते म्हणाले. जीभ जड झाल्यामुळे शब्द तुटत यायचे. "आणि मला सांग."

आमच्या अंगणात एखाद्या लेकीने असा ग्लास कधी हातात धरला नव्हता, तोही वडिलांसमोर, थोरल्या काकासमोर. आतलं भांड्यांचं वाजणं थांबलं. मोठे बाबा एकदम उठले आणि गुरं बघून येतो म्हणून गोठ्याकडे गेले. बैलजोडी विकून तेव्हा बराच काळ झाला होता, गोठ्यात नुसतं जळण होतं. मी ग्लास घेऊन आत आले, दाराच्या पडद्याआड उभी राहिले, घोट घेतला, बाहेर येऊन म्हणाले, "मनुका. लवंग. थोडी करपलेली साखर."

बाबांनी मान हलवली. "बरं," ते म्हणाले.

तो ‘बरं’ मला ओळखीचा होता. तो माझाच होता, फोनवरचा. पुढे काही विचारू नका असा.

दुसऱ्या दिवशी सकाळी एक घोटाळा झाला. डॉक्टरांनी सांगितलं होतं की तोंडाला थंड लागू दे, आग कमी होते. आमच्या फ्रिजला त्या उन्हाळ्यात वीज टिकत नव्हती. आईने काय करावं? उरलेल्या तिन्ही बाटल्या न्हाणीतल्या रांजणात बुडवून ठेवल्या, वर ओलं पोतं टाकलं. दारूची बाटली हातात धरायची वेळ आली तर पदराने धरणारी बाई ती. संध्याकाळी बाहेर काढल्या तेव्हा तिन्ही नुसत्या तपकिरी काचा. लेबलं सुटून रांजणाच्या तळाशी, हिल्डाच्या सुनेने एकेक करून चिकटवलेली, आता लगदा झालेली. बुचं सगळ्यांची सारखीच. कोणती कोणती, ओळखायला काही उरलं नाही.

आई ओल्या हातांनी उभी होती. "काही बिघडलं का गं? गार तर झाल्या ना?"

"नाही आई. छान गार झाल्यात," मी म्हणाले. पण माझी पंचाईत झाली होती. नाव माहीत असलं की तक्ता आठवतो. नावच नसेल तर जिभेला जे लागेल तेच सांगावं लागणार.

काही दिवसांनी दुसरी उघडली. घोट घेऊन मी पडद्याआडून बाहेर आले.

"काय?" बाबांनी विचारलं.

"गोड आहे. मग जरा कडू."

"कडू कसं? कडुलिंबाचं? का कारल्याचं?"

"कारल्याचं नाही."

"भूक लागलेल्या माणसाले घास मोजून देऊन राहिली तू," मोठे बाबा मला म्हणाले. ते याही वेळी गोठ्यात जाऊन परत आले होते, बहुतेक गोठ्यात बघण्यासारखं काही उरलं नव्हतं म्हणून. "नीट भरवना त्याले."

मी आणखी एक घोट घेतला, तिथेच उभी राहून, थोडी पाठ वळवून. "हिरडा चघळून वर पाणी प्यायल्यावर जे लागतं ना," मी म्हणाले, "तसं."

बाबांच्या गळ्याची घाटी हलली. त्यांनी रिकामा घोट गिळला होता.

चवीविषयी मी एवढं शिकले, परदेशात जाऊन. पण चव सांगता येत नाही, हे मला त्या अंगणात कळलं. तिच्या शेजारी फक्त दुसरं काहीतरी आणून ठेवता येतं. आणि ते दुसरं ऐकणाऱ्याच्या घरातलं असावं लागतं. बाबांनी मनुका खाल्ल्या असतील सत्यनारायणाच्या प्रसादातल्या, मोजक्या. लवंग दाढ दुखली की. मी त्यांना जे शब्द दिले ते पाहुण्यांना काढून द्यायच्या कपबशांसारखे होते. त्यांचं स्वतःचं भांडं वेगळं होतं.

तिसरी बाटली प्रवासात आणि रांजणात हलून हलून चिडली होती. बूच काढताच फेसाचा फवारा उडाला, निम्मी बाटली अंगणात. मोठे बाबा पाय वर घेत म्हणाले, "बाप्पा! पितरायनं यंदा मोठाच घोट घेतला!" उरलेल्यात गाळ ढवळून आला होता. मी तो तसाच प्यायले, आणि म्हणाले, हे वाळलेल्या मोहासारखं लागतं. बाबा सावरून बसले. "कोणत्या झाडाच्या?" मी म्हणाले, जंगलाकडच्या. "वाळलेला का पावसात भिजून पुन्हा वाळलेला?" मी सांगितलं, भिजलेला, तळाला थोडा करपलेला. त्यांच्या ओठांची एक बाजू अजून हलायची, ती हलली. त्या संध्याकाळी त्यांनी पेज संपवली. आई मला आत येऊन म्हणाली, "एकच उरली काय गं?" आणि तिच्या आवाजात मला कधी न ऐकलेलं काहीतरी होतं. तिला आणखी हव्या होत्या.

धान निसवलं, लोंब्या बाहेर आल्या, तेव्हा बाबा गेले. आंबेमोहोर धानाचा वास बांधांवरून घरापर्यंत यायचा, आणि आम्ही तिघं, आई, मोठे बाबा आणि मी, त्यांच्या खाटेशी बसून तो घ्यायचो. ते विचारायचे, कोणतं शेत? मग तेही विचारणं थांबलं.

रिकाम्या बाटल्या आईने फेकल्या नाहीत. मोहाच्या बियांचं तेल त्यांत भरून फळीवर ओळीने ठेवलंय. पहिलीचं लेबलही धुताना गेलं, आता सारख्याच चार, बिननावाच्या. चौथी हिवाळ्यातली होती की नाही, मला आजही खात्रीने माहीत नाही. हिल्डाने नंतर मेसेज करून विचारलं होतं, ती शेवटची कशी लागली? मी खूप वेळ टाइप करत बसले आणि मग ‘छान’ असं लिहून पाठवलं. आता वाटतं, तिला लिहायला हवं.

परवा संध्याकाळी मोठे बाबा आले. यंदाची पहिल्या धारेची कोणीतरी त्यांना दिली होती, छोट्या बाटलीत. सवयीने घेऊन आले, सवयीने अंगणात थांबले, आणि मग आम्हा सगळ्यांना खाटेची रिकामी जागा दिसली. खाट आता भिंतीला उभी असते. मोठ्या बाबांनी काडी लावून बघितली नाही. तळहातावर थोडी घेतली, बोट बुडवलं, थेंब जमिनीवर शिंपडले. थेंब पितरांचे. बाबा आता त्यांच्यातले.

"घे गा," मोठे बाबा म्हणाले, यावेळी खरोखर हळू. "सांग कशी उतरली ते."

आम्ही थांबलो. म्हणजे खरंच थांबलो, कोणी काही बोलेल म्हणून थांबावं तसे. मोहाच्या झाडाकडून टप टप असं काही ऐकू यायची ती वेळ नव्हती, फुलं पहाटे पडतात. मोठे बाबा बाटलीचं बूच लावून निघून गेले. मी त्यांना फाटकापर्यंत सोडायला गेले आणि परत येताना ती चौथ्या बाटलीची संध्याकाळ आठवत राहिले.

दुसऱ्या दिवशी बाबांना नागपूरला न्यायचं होतं. ताप उतरत नव्हता. आई त्यांची पिशवी भरत होती, शाल, चादर, रिपोर्टची फाईल. मोठे बाबा गाडीवाल्याशी फोनवर वाद घालत होते. ऊन उतरलं होतं. पडवीत वाळणाऱ्या फुलांचा वास घरभर पसरला होता, आणि तो फक्त बाबांनाच येत नव्हता. त्यांनी मला हाक मारली. म्हणाले, शेवटची आण.

"उद्या दवाखान्यात जायचंय, बाबा. परत आल्यावर उघडू."

त्यांनी मान हलवली. नाही. थोडा वेळ श्वास जमवला. आणि मग बोलले. आजाराने त्यांची ती जपून वापरलेली भाषा हळूहळू काढून घेतली होती, फक्त माझ्या ते त्या दिवशी लक्षात आलं.

"तू दोन वर्सं कुठं राहाली, काय खाल्लं, कोनाशी बोलली, मले काहीच नाही माहीत, बेटा. फोनवर तू फकस्त बरं हाय म्हने. म्या बी मंग बरं म्हनो. आता तुह्या तोंडानं तरी मले समजू दे."

आईचे हात पिशवीवर थांबले. मोठ्या बाबांनी फोन खाली घेतला. यावेळी गोठ्याकडे कोणी गेलं नाही.

मी बाटली आणली. पडद्याआड गेले नाही. बाबांच्या पायाशी खाटेवर बसले, ग्लास तिरका धरून सावकाश ओतली, तळचा गाळ बाटलीत ठेवला. ग्लास त्यांच्यापुढे धरला. त्यांनी बोट बुडवून थेंब शिंपडले आणि ग्लास माझ्याकडे ढकलला. मी नाकाशी धरला. हिल्डा म्हणायची, आधी कोणी काही बोलायचं नाही. कोणी बोलत नव्हतं. मग मी घोट घेतला, मोठा, सगळ्यांच्या देखत.

आधी तक्ता आला, नेहमीसारखा. मनुका, लाकूड, कातडं. मी तो जाऊ दिला. दुसरा घोट घेतला आणि डोळे मिटले. हिल्डाचं टेबल नाहीसं झालं. नुकतं उजाडतानाचा रस्ता आला, दोन्ही बाजूंनी सागाची झाडं, पेपरसाठी घेतलेली पट्टी आणि पेन्सिल मांडीवर. ज्याची मला शाळेत लाज वाटायची आणि ज्याच्यासाठी मी रोज सायकलवर डोळे मिटून बसायची, ते तोंडभर पसरलं. बाबा वाट बघत होते, एखाद्या दारात उभं राहून बघावी तशी. मोठे बाबा म्हणाले, "बोल ना बाई." आणि मी बोलले.

"बाबा, पेपरच्या दिवसांत तुम्ही मले सायकलवर नेत होते ना, खानीतून येऊन, तवा मी तुमच्या पाठीले नाक लावून बसत होती. खानीतल्या तेलाचा, घामाचा, अन् बांधावरून खिशात भरून आणलेल्या मोहाचा, सप्पा वास तुमच्या सदऱ्यात राहे. तोच हाय हा. मी तेथं बी हाच शोधून राहिली होती. हे तुमच्यासारखं लागते, बाबा."